यादी कुणी बघायची?

लैंगिक गुन्हेगारांची एक राष्ट्रीय यादी भारतात आहे, हे भिवंडीत फार थोड्यांना ठाऊक आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी ती सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ती सांभाळतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि छेडछाड या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावं, पत्ते, फोटो, बोटांचे ठसे तिच्यात असतात. सुरुवातीलाच चार लाख चाळीस हजारांच्या आसपास नोंदी होत्या. ही यादी पोलीस आणि तपास यंत्रणांनाच उघडता येते. तुम्हाआम्हाला नाही.

हे ज्याला कळतं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग आमच्या पोरांना तिचा उपयोग काय? हा प्रश्न आणि त्यावरची उत्तरं मी इथे वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहेत. या लेखात त्यातल्या दोन बाजू दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक, पद्मानगरच्या बाजूला बालवाडी आणि शिकवणी चालवणाऱ्या बाई. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता भिवंडी आणि ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. बाईंना मुलांची ने-आण करायला नवा रिक्षावाला ठेवायचा आहे. वाद तिथून सुरू होतो.

"सकाळी आठला या पोरांच्या आया गोदामाच्या गाडीत बसतात," बाई सांगतात. "बाप लूमवर. पोर घरातून निघालं की माझ्या दारात उतरेपर्यंत या एका माणसाच्या ताब्यात. त्याचं नाव त्या यादीत आहे की नाही हे सरकारला कळू शकतं आणि मला नाही. याला काय म्हणायचं?"

"बाई, तुम्हाला यादी बघायचीय, की या एका माणसाबद्दल विचारायचंय?"

"दोन्ही एकच की."

"एकच नाही. माझं सगळं म्हणणं त्या फरकातच आहे."

बाईंची भाची न्यू जर्सीत राहते. घर भाड्याने घेण्याआधी तिने फोनवर बघून घेतलं होतं. तिथे सगळ्या राज्यांच्या याद्या जोडणारं एक सरकारी संकेतस्थळ आहे. नाव टाका, नाहीतर शहर किंवा पिनकोड टाका, नाहीतर घराचा पत्ता देऊन आसपासच्या एक-दोन मैलांत कोण राहतं ते विचारा. फोटो, पत्ता, गुन्ह्याचं कलम समोर येतं. पैसे नाहीत, परवानगी नाही, कारण विचारणारं कुणी नाही.

"आणि हे का झालं माहीत आहे ना तुला?" बाई म्हणतात. "तिच्याच राज्यातली मेगन कांका. सात वर्षांची. १९९४ साली समोरच्या घरातल्या माणसाने मारली तिला. त्याला आधी दोनदा शिक्षा झालेली होती, आणि गल्लीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची आई म्हणाली, मला माहीत असतं तर मी तिला त्या दाराकडे फिरकू दिलं नसतं. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेला तिच्या नावाचा कायदा लागू झाला. यात चूक काय आहे ते सांग."

"आईच्या बोलण्यात काहीच चूक नाही. कायद्याने पुढे काय केलं ते बघू या. २००६ मध्ये त्यांनी आणखी कडक कायदा केला. गुन्हेगारांच्या तीन पायऱ्या पाडल्या. पहिल्या पायरीवरचा माणूस पंधरा वर्षं नोंदीत, दुसरीवरचा पंचवीस, तिसरीवरचा जन्मभर. वर्षाला, सहा महिन्यांनी किंवा तीन महिन्यांनी स्वतः हजर राहून पत्ता सांगायचा. भाचीला तिच्या राज्यात यातले सगळे दिसतही नाहीत, धोक्याचे समजलेलेच दिसतात. आणि त्याच न्यू जर्सीत २००८ साली या कायद्याचा अभ्यास झाला, सरकारी पैशातून. कायद्यामुळे पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं, असं त्यांना दाखवता आलं नाही. खर्च मात्र वाढत गेला होता."

"म्हणजे एकही पोर वाचलं नाही, असं म्हणतोस?"

"तसं कुणीच म्हणू शकत नाही. वाचलेलं पोर मोजता येत नाही."

वकिलाने इथे आकड्यावर जिंकायचा मोह टाळला, हे मला महत्त्वाचं वाटतं. यादीच्या बाजूने बोलणाऱ्या आईबापांना अभ्यासाचा हवाला तोंडावर मारून गप्प करणं सोपं असतं. त्यांची भीती त्याने जात नाही, जायचं कारणही नाही.

वकील भिवंडीवर येतो. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती असलेलं हे यंत्रमागांचं शहर. लूमवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. खोलीत दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच चटयांवर आडवे होतात. खोली कुणाच्या नावावर आहे हे तिथे झोपणाऱ्यालाही धड माहीत नसतं. शेठ बदलला की गल्ली बदलते. सुताचा भाव चढला, मंदी आली, की माणूस गावी जातो. परत येतो तो शांतीनगरऐवजी नारपोलीच्या बाजूला. आधारवर पत्ता गोरखपूरचा, नाहीतर महबूबनगरचा. नकाशावर लाल ठिपका ठेवून "इथे राहतो" म्हणायचं, तर ठिपका ठेवायचा कुठे?

"तो ठिपका एखाद्या खोलीवर पडला," वकील म्हणतो, "की त्या रात्री तिथे जो झोपलेला असेल त्याच्या दारावर लोक जाणार."

"पत्ता चुकेल. चेहरा कसा चुकेल? फोटो आहे ना."

"चेहराही चुकतो, बाई. सन २००० मध्ये इंग्लंडमध्ये एका वर्तमानपत्राने अशा गुन्हेगारांची फोटोंसकट नावं छापायला सुरुवात केली. पोर्ट्समथमधल्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रोज रात्री जमाव निघायला लागला. काही कुटुंबांना घरं सोडावी लागली, त्यांत ज्यांचा काही संबंध नव्हता असेही होते. वेल्समध्ये तर लहान मुलांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या घरावर लोकांनी शिवी रंगवली. आणि इंग्लंड कशाला? राईनपाडा विसरलात?"

राईनपाडा विसरता येत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आठवडी बाजाराचं गाव. मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाइलवर आधीपासून फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. सुमारे पावणेदोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० ला, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर तशाच अफवेत गेले. ही दोन्ही गावं भिवंडीसारखी गजबजलेली नाहीत. इथे एका गल्लीतला निरोप दुसऱ्या गल्लीत पोचायला चहा ओतून होईपर्यंतचाही वेळ लागत नाही.

बाई याला उत्तर देतात, आणि ते उत्तर कच्चं नाही.

"ती अफवा होती. मी अफवा मागत नाही, कोर्टाने सिद्ध केलेलं मागतेय. उलट अफवा का पसरते? खरं काय ते विचारायला जागा नसते म्हणून. सरकारने सांगितलं असतं की या वस्तीत असं कुणी नाही, तर राईनपाड्याला ती पाच माणसं घरी गेली असती."

"सरकारचा कागद सरकारी राहत नाही, बाई. कुणीतरी त्याचा फोटो काढतं, नावाखाली आणखी दोन नावं घालतं, पुढे पाठवतं. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस हायकोर्टात निर्दोष सुटला, तर सरकार स्वतःच्या यादीतून त्याला काढील. शंभर ग्रुपांमधून कोण काढणार? मार्च २०२० मध्ये लखनौत आंदोलकांचे फोटो आणि पत्ते चौकाचौकांत फलकांवर लावले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते उतरवायला सांगितले. कायद्याचा आधार नसताना माणसाचं खासगी आयुष्य असं भिंतीवर टांगता येत नाही म्हणून."

"मग कायद्याचा आधार द्या. आंध्रने दिला होता की."

बाईंची माहिती बरोबर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने मंजूर केलेल्या दिशा विधेयकाबरोबर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्हेगारांची नोंदवही जाहीर झाली होती आणि ती लोकांना खुली असणार होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा अमलात आलाच नाही. त्याच धर्तीवरच्या महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकाचंही पुढे तेच झालं.

मग वकील जे बोलतो ते त्याचं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे, असं मी मानतो. या वादात ते सहसा कुणी मांडत नाही.

"आपल्या चाळीतली एक पोर धरा. तिसरीतली. आरोपी कोण? काका. शिक्षा झाली, काही वर्षांनी सुटून आला. उघड यादीत त्याचं नाव, आडनाव, चाळीचा पत्ता, कलम आणि साल. पोक्सोचं कलम लागलंय म्हणजे पीडित अल्पवयीन. आता गल्लीला आणखी काय सांगायला हवं? त्या वर्षी त्या घरात मुलगी एकच होती. पोक्सोच्या तेविसाव्या कलमाने, नव्या न्याय संहितेच्या बहात्तराव्या कलमाने जिचं नाव, शाळा, घर, शेजार काहीही छापायला बंदी आहे, तिचं नाव आपण काकाच्या नावाखाली लिहून ठेवलं. ती आता अठरा वर्षांची आहे, कॉलेजला जाते, लग्नाचं बघतायत. आणि हे एकाच घराचं नाही. एनसीआरबीचे अहवाल बघा, बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांत नव्वदांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. बाप, काका, मामा, शेजारी. अशा प्रत्येक घरात आईला आधीच सांगितलं जातं, तक्रार केलीस तर घराची अब्रू जाईल. आता तिला सांगतील, तक्रार केलीस तर पोरीचं घर जन्मभर फोनवर दिसेल. किती आया पोलिसांत जातील?"

"हे मला पटतं," बाई म्हणतात. "घरातल्या गुन्ह्यांची यादी उघड करू नये. पण तुझ्या त्या नव्वदांत एक गोम आहे. माझा रिक्षावाला आज परका आहे. तीन महिन्यांनी तो पोरांचा 'रिक्षावाले काका' होईल. तेव्हा त्याने काही केलं तर तुझ्या अहवालात तो ओळखीचाच मोजला जाईल ना? शिकवणीचा सर, शाळेचा शिपाई, क्रिकेट शिकवणारा, सगळे ओळखीचे. ते ओळखीचे झाले कारण आपण त्यांना दारातून आत घेतलं. मी त्या दारात उभी आहे. मला आत घेण्याआधी विचारायचंय."

या मुद्द्याला वकिलाकडे उत्तर नाही, आणि तो ते मान्य करतो. मी स्वतः "गुन्हेगार बहुतेक ओळखीचाच असतो" हे वाक्य अनेक सभांत ऐकलं आहे. यादी मागणाऱ्याला गप्प करायला ते वापरतात. ओळखीचा माणूस आधी कधीतरी अनोळखी होता, आणि त्या टप्प्यावर चौकशी करता येते, हे बाईंनी जितकं स्वच्छ सांगितलं तितकं मी कुठे ऐकलेलं नाही.

मग वकील बाईंना सामान्य माणसाला आज काय बघता येतं ते दाखवतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती, त्यात पक्षकाराचं नाव. राज्य महाराष्ट्र, जिल्हा ठाणे, मग न्यायालयाचं संकुल निवडायचं. नावाची निदान तीन अक्षरं, खटला दाखल झाल्याचं वर्ष, चालू की निकाली की दोन्ही, आणि शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची. बाई "पाटील" घालतात. यादी खाली सरकवावी तेवढी सरकत राहते. वर्ष बदललं की नवी यादी. त्यात जमिनीच्या वाटण्या आहेत, चेक न वटल्याचे खटले आहेत, मारामाऱ्या आहेत. रिक्षावाल्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बाई एक लिहितात, वकील दुसरं, आणि दोन्हींतून वेगळी माणसं निघतात. वडिलांचं नाव, वय, फोटो काही नाही. माणूस दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथला जिल्हा माहीत हवा.

"एफआयआर तरी पोलिसांच्या साइटवर असतात ना?"

"असतात. ७ सप्टेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चोवीस तासांत टाका. पण संवेदनशील गुन्हे वगळून, त्यात लैंगिक गुन्हे आले. म्हणजे नेमके तेच तुम्हाला दिसणार नाहीत. ते बरोबरच आहे, मुलीसाठी."

"म्हणजे ज्याला थोडंफार इंग्रजी येतं त्याने असं अर्धवट शोधायचं आणि चुकीच्या पाटलावर संशय घ्यायचा. याच्यापेक्षा सरकारची नीट यादी बरी, असं मी म्हटलं तर?"

बाई मग भिवंडीतलीच गोष्ट काढतात. २०२३ मध्ये इथल्या एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून केल्याच्या आरोपाखाली अटकेत असलेला माणूस ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टात आणला असताना पोलिसांच्या हातून निसटला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याला पुन्हा पकडलं, ते दुसऱ्या लहान मुलीच्या खुनाच्या गुन्ह्यात. याच शहरात.

"त्याचा फोटो प्रत्येक नाक्यावर असता," बाईंचा आवाज चढतो, "प्रत्येक बालवाडीत, प्रत्येक खानावळीत असता, तर ती पोर आज असती. तू म्हणतोस यादी नको."

"बाई, तो त्या यादीत नव्हताच, असू शकत नव्हता. यादी दोषी ठरलेल्यांची. हा कच्चा कैदी, खटला चालू असलेला. पोक्सो म्हणतो, कोर्टाने दखल घेतल्यापासून शक्य तर वर्षभरात खटला संपवा. दोन वर्षं होत आली होती. आणि फरार आरोपीचा फोटो लावायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. 'या माणसाला शोधतोय' हा फलक पोलिसांनी लावायचाच असतो. त्या दोन महिन्यांत तो गल्लीगल्लीत हवा होता. याबद्दल तुम्ही जितक्या रागाने बोलाल तितकं थोडं आहे. पण ती चूक यादी बंद असल्याची नाही. ती यादी सताड उघडी असती तरी त्या दिवशी त्याचं नाव त्यात मिळालं नसतं."

बदलापूरलाही हेच लागू होतं: चूक यादी बंद असल्याची नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं समोर आलं. आरोपी कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी होता. तिथे तक्रार घ्यायला पोलिसांनी आईबापांना तासन्‌तास बसवून ठेवलं. शाळेला कळूनही शाळेने कळवलं नाही, म्हणून पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. पोक्सोचं एकोणिसावं कलम नुसती शंका आली तरी कळवायला सांगतं, आणि एकविसावं न कळवणाऱ्याला शिक्षा देतं. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे हे सगळं हललं.

"मग मी काय करू, ते सांग," बाई म्हणतात. "कायदा शिकवू नकोस."

"विचारा. इंग्लंडने पॉल्सग्रोव्हनंतर जे केलं ते मला आवडतं. तिथेही एक आई होती, तिची आठ वर्षांची सारा पेन जुलै २००० मध्ये गेली. यादी उघडा म्हणून ती आई लढली. सरकारने यादी उघडली नाही, पण २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे विचारायचा मार्ग उघडला. माझ्या मुलाच्या संपर्कात हा अमुक माणूस आहे, त्याच्याबद्दल चिंता करण्यासारखं काही आहे का, असं कुणीही पोलिसांना विचारू शकतं. पोलीस तपासतात. धोका असेल तर जो त्या मुलाला वाचवू शकतो त्याला, बहुधा आईबापालाच, सांगतात. विचारणारा शेजारी असेल तर त्याला नाही. ज्याला सांगितलं त्याने ते इतरांना सांगायचं नाही."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे अर्धा मार्ग आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे, मुलांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या संस्थेने, शाळा असो, पाळणाघर असो, खेळाची अकादमी असो, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची. बदलापूरनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनेही शाळांसाठी आदेश काढला, सीसीटीव्ही लावा, नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी करा. तुमची बालवाडी आणि शिकवणीही त्यात बसते, असं मी कोर्टात सांगेन."

बाई उठून कपाटातून एक फाइल काढतात. जुन्या मदतनीस मावशींच्या वेळी एका पोलीस ठाण्यातून आलेला कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. वर बालवाडीचं नाव चुकीचं लिहिलेलं, खाली गोल शिक्का, मध्ये एकच ओळ: सदर व्यक्तीविरुद्ध या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर गुन्हा नोंद नाही.

"या पोलीस ठाण्याच्या," बाई त्या शब्दांवर बोट ठेवतात. "मावशी इथे येऊन तीन महिने झाले होते. त्याआधी वीस वर्षं त्या कुठे होत्या, ते कुणी बघितलं? देशभराची यादी करून ठेवलीय, बोटांचे ठसे आहेत, आणि मला उत्तर देताना एका ठाण्याची वही उघडतात."

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ या एका ओळीत आहे. मी वकिलाच्या बाजूचा आहे, हे आतापर्यंत कळलं असेल. उघडी यादी मुलींना उघडं पाडील आणि भिवंडीत निरपराध माणसाचा जीव घेईल, असं मला मनापासून वाटतं. पण "यादी पोलिसांकडे आहे, निश्चिंत राहा" असं सांगणाऱ्याने आधी हा कागद बघावा. बंद यादी ठेवायची तर तिच्यात बघून उत्तर देण्याची जबाबदारी पोलिसांवर कायद्याने टाकली पाहिजे. राज्याराज्यांच्या पोलीस ठाण्यांच्या नोंदी आज संगणकाने जोडलेल्या आहेत, त्यामुळे हे जमणारं काम आहे.

बाईंचा शेवटचा आक्षेप मात्र माझ्याही गळ्याशी येतो.

"मी विचारीन. मला लिहिता येतं, मला तू आहेस. शेजारच्या गल्लीतली बाई, नवरा रातपाळीला, स्वतः ताग्यांना गाठी मारते, हिंदीही तुटकी. ती पोलीस ठाण्यात जाऊन विचारील, बाजूच्या खोलीत नवा माणूस आलाय, माझ्या पोरीला खाऊ देतो, कोण आहे तो? तिथे पहिली चौकशी तिचीच होईल. भाडेपावती दाखव, आधार दाखव. ती दुसऱ्यांदा जाणार नाही. फोन मात्र तिच्याकडे आहे. उघडी यादी गरिबालाही बघता येते, तुझा विचारायचा हक्क माझ्यासारखीलाच मिळतो."

वकील थोडा विचार करून मोहल्ला कमिट्यांची आठवण काढतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर जळालं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस यांना नियमाने एकत्र बसवलं. पानवाला, लूमवाला, शिक्षक. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती या शहराने एकदा घालवून दाखवली आहे. तशी कमिटी बायकांची करावी, तिनेच असे प्रश्न पोलिसांकडे न्यावेत, असं त्याचं म्हणणं.

"प्रश्न नेऊ नये," बाई तिथेच अडवतात. "कमिटीत प्रश्न गेला की संध्याकाळपर्यंत उत्तरही गल्लीत येईल, आणि ते तुझ्या उघड्या यादीपेक्षा वाईट. कमिटीतल्या कुणीतरी त्या बाईबरोबर ठाण्यापर्यंत जावं, बाहेर बाकावर बसावं. आत काय विचारलं, काय सांगितलं, ते तिलाही कळू नये. आणि आत बाई अधिकारी हवी, साध्या कपड्यातली. मुलांचा जबाब घ्यायला पोक्सोत तसं आहे ना? मग आईलाही तसंच."

"हे मला सुचलं नव्हतं."

"तुला शाळेतही आधी मोठं सुचायचं, मग साधं. आता लिही."

दोघं अर्ज लिहायला बसतात. रिक्षावाल्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचा पत्ता, गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे राहिला ते सगळे पत्ते, लायसन्स आणि बॅजचा नंबर, फोटो, आणि चौकशीला हरकत नाही अशी त्याची सही. सही आधी त्याच्याकडूनच घ्यायची, त्याला समोर बसवून, कशासाठी ते सांगून, असा बाईंचा आग्रह. पोक्सो नियमांचा उल्लेख. मग मागणी: केवळ आपल्या पोलीस ठाण्याचे नव्हे तर देशभरातील अभिलेख आणि लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी तपासून कळवावे, आणि तपासली नसल्यास तसे लेखी कळवावे. शेवटच्या वाक्यावर वकील खूश असतो.

"किती दिवसांत कळवायचं, ते घातलं नाहीस," बाई म्हणतात.

"नियमात मुदत नाही."

"मग मी घालते. सात दिवस."

"त्यांच्यावर ते बंधन नाही, बाई."

"नसू दे. सात दिवस रिक्षात पोरांबरोबर मागे मी बसेन. आठव्या दिवशी उत्तर आलं नाही तर तू माझ्याबरोबर ठाण्यात येशील, आणि यादी मला का दाखवत नाही हे मी तिथे त्यांना विचारीन. तुझं सगळं ऐकून घेतलंय, तरी विचारीन."